मंगळवारचं चार्जिंग

इरा आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर नीलने विचारलं होतं, "आजी, तुमच्या गावात इलेक्ट्रिक गाड्या आहेत का?" शाळेतल्या कुठल्याशा प्रकल्पासाठी त्याला हवं होतं. मी "आहेत" म्हटलं, त्याने ते लिहून घेतलं आणि तुम्ही फोन ठेवलात. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. अपुरं उत्तर दिलं की मला दिवसभर चुटपुट लागते, हे तुमच्या आईला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आता सविस्तर लिहिते. प्रकल्पात हे उपयोगी पडणार नाही. तरी वाचा.

जळगाव जामोदमध्ये आता विजेवरची वाहनं बरीच झाली आहेत. स्टँडवरून बाजारात नेणाऱ्या बॅटरीच्या रिक्षा आहेत, कॉलेजच्या मुलींच्या स्कूटर आहेत. पण विजेवरची पहिली चारचाकी गावात आली ती ढोले कंट्रोलरांची, आणि नीलच्या प्रश्नाबरोबर मला आठवले तेही ढोलेच.

कंट्रोलर म्हणजे बसस्थानकावर जाळीच्या खिडकीआड बसून कुठली बस कुठल्या फलाटावरून केव्हा सुटेल ते ठरवणारा आणि माइकवरून सांगणारा माणूस. ढोल्यांनी सगळी नोकरी त्या खिडकीत काढली. उंच, काटकुळे, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी ते घड्याळ बघायचे. "कसे आहात, भाऊ?" म्हटलं तरी आधी घड्याळ, मग "बरा हाय." माइकवर त्यांची मराठी अगदी पुस्तकी असायची: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." माइक बंद झाला की लगेच, "अबे, त्या म्हातारीले चढू दे ना आधी." तुम्हाला दुसरी भाषा जड जाईल. आमच्या वऱ्हाडात 'मला'चं 'मले' होतं आणि 'का'चं 'काऊन'. मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल.

ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट मला सलीमभाईंनी सांगितली. सलीमभाई म्हणजे स्टँडसमोरचे शिंपी, ढोल्यांचे जुने मित्र. त्या दिवशी ढोले नेहमीच्या वेळी स्टँडवर गेले आणि कंट्रोलरच्या खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर बसले. नवा माणूस चांगला होता. त्याने अदबीने विचारलं, "बोला काका, काय काम होतं?" ढोल्यांनी घड्याळ पाहिलं. "काई नाई," म्हणाले, आणि उठून आले. पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत.

त्या माणसाची काही चूक नव्हती. ढोले स्वतःही सगळ्यांना हेच विचारत आले होते. त्यांच्या खिडकीशी माणसांची रीघ लागायची, पण प्रत्येक जण काहीतरी विचारायला यायचा आणि उत्तर मिळालं की जायचा. त्यावरून त्यांनी आपला एक नियम करून टाकला होता आणि तो ते सहज बोलता बोलता ऐकवायचे: "कामाबिगर कोनाच्या दारी जाऊ नये. मानूस दारात उभा राह्यला का समोरच्याच्या मनात पैला सवाल तोच येते, काऊन आला?"

घरी माणसं यायची ती त्यांच्या बायकोकडे, निर्मलाबाईंकडे. पापड लाटायला, लोणच्याचा मसाला विचारायला, नुसतं बसायला. ढोले तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत आणि बाहेरचं हसणं ऐकत. निर्मलाबाई गेल्या. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतर त्या घराच्या फाटकाला कोणी हात लावला नाही. मुद्दाम कोणी टाळलं नाही. फक्त त्या घरी जायचं कोणाला कारण उरलं नाही.

गाडी त्यानंतर आली. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली पुण्याला असते. ती आणि जावई तिथल्या गल्ल्यांतून ऑफिसला जायला ही लहानशी गाडी वापरत होते. पुढे त्यांनी मोठी घेतली आणि ही टेम्पोत घालून बाबांकडे पाठवली. कच्च्या पेरूसारखा हिरवा रंग, दोनच दारं, मागे एक माणूस आणि एक पिशवी मावेल एवढं आसन. टेम्पोतून उतरवताना गल्ली जमली होती.

"कंट्रोलर साहेब, हे गाडी हाय का फ्रिज?" कोणीतरी विचारलं.

"आत बसून पाय," ढोले म्हणाले. "थंड लागलं त फ्रिज."

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. स्वतः कधी एक चालवली नव्हती. सलीमभाईंनी तरुणपणी ऑटो चालवला होता. उन्हाळ्यात कापसाचं मार्केट रिकामं असतं, त्या आवारात त्यांनी ढोल्यांना शिकवलं. शिकले ते, पण चालवायचे बससारखी. गावात जिथे जिथे बसचा थांबा आहे तिथे गाडी थांबवायचे. कोणी चढायचं नसे, उतरायचं नसे. क्षणभर थांबून आरशात बघून पुढे निघायचे. गाडीला आवाज नाही, त्यामुळे रस्त्यातल्या शेळ्या हलायच्या नाहीत. हॉर्न वाजवणं ढोल्यांना उर्मटपणा वाटे. ते खिडकीतून डोकं बाहेर काढून शेळ्यांना पुस्तकी मराठीत सांगायचे, "कृपया मार्ग मोकळा करावा." शेळ्या बघत राहायच्या. पोरं हसून लोटपोट व्हायची.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ती चैत्रातली दुपार होती. ऊन असं की फाटकाला हात लावला तर चटका बसावा. गाडी फाटकाशी थांबली.

"बाई, घरी हाय का?"

शाळेत इंग्रजी शिकवलं म्हणून मी अख्ख्या गावाची बाई. मी बाहेर आले.

"गाडीले थोडं करंट लावू का? घरापर्यंत पोचते का नाई, भरोसा नाई."

त्यांचं घर माझ्या घरापासून दुसऱ्या वळणावर. चहा ओतून चालायला लागलात तर तो निवायच्या आत पोचाल. मी वायर हातात घेताना गाडीत डोकावले. स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्यावर बॅटरीच्या रेघा असतात. जवळजवळ सगळ्या पेटलेल्या होत्या.

"लावा ना," मी म्हटलं.

माझ्या व्हरांड्यात जास्त करंटचा एकच प्लग आहे. तुमच्या आजोबांनी तो कूलरसाठी बसवून घेतला होता. कूलर काढला आणि गाडी लावली. गाडी गारेगार सावलीत उभी राहून चार्ज झाली, आणि आम्ही दोघं व्हरांड्यात घामाने निथळत बसलो. ढोल्यांनी खुर्ची उचलून पायऱ्यांच्या अगदी कडेला नेली. "इथून गाडी दिसते," म्हणाले. तिथून गाडी दिसायची हे खरं, पण रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते दिसायचे, आणि घरातून निघून फाटकापर्यंत गेलेली वायरही. एकट्या बाईच्या घरी एकटा पुरुष दोन तास बसला तर आमच्याकडे अजूनही माना वळतात. वायर पाहिली की माणूस मान वळवायचं सोडून देई. चार्जिंगला वेळ लागतो, हे आता सगळ्यांना कळलेलं होतं.

असा माझा मंगळवार ठरला. कोणी ठरवला नाही, ठरत गेला. गुरुवारी ते सलीमभाईंच्या दुकानात इस्त्रीच्या प्लगला गाडी लावायचे. शनिवारी माझ्या समोरच्या घरी, रूपालीकडे. रूपाली बँकेत आहे, शनिवारी दुपारी घरी असते. तिच्या सासूबाई ढोल्यांच्या दूरच्या नात्यातल्या. यायचे ते रिकाम्या हाताने कधी नाही. मेथीची जुडी, चार लिंबं, कधी संत्री. "लाइटीच्या बदली," म्हणायचे. निघायची वेळ आधीच सांगून ठेवायचे, आणि त्याआधी उठले तर गाडीत जाऊन बसायचे, वेळ होईपर्यंत. मग मान बाहेर काढून, "चला बाई, गाडी सुटते."

बोलायचे फार नाहीत. रस्त्यावरून बस गेली की ती कुठली, किती उशिरा, ते सांगायचे. एकदा त्यांनी एका म्हातारीची गोष्ट सांगितली. ती दर बाजाराच्या दिवशी स्टँडवर यायची, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाची बस विचारायची, बाकावर बसायची आणि बस आली तरी चढायची नाही.

"मी तिले एक दिवस म्हनलं, आजी, जात काऊन नाई? त म्हने, जाऊ कुठं? इथं मानसं दिसते."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करतो? म्हनलं, बस. कोनाचं सामान फलाटावर राह्यलं त मले सांगत जा." ते हसले. "मंग ते दर बाजारी यायची अन् मले येऊन सांगायची, काई राह्यलं नाई म्हनून."

शनिवारच्या एका दुपारची गोष्ट गल्लीत अजून निघते. ढोल्यांनी रूपालीकडे गाडी लावली आणि थोड्याच वेळात वीज गेली. कुठेतरी तारेवर फांदी पडली होती.

"काका, लाइट गेली," रूपाली म्हणाली. "आता गाडी कशी भरन तुमची?"

"येईन ना. मी बसतो."

वीज आली नाही. पंखे बंद, तेव्हा एकेक घर बाहेर आलं. कोणी ओट्यावर, कोणी बाजेवर, कोणी रस्त्यातच खुर्ची टाकून. मीही गेले. ऊन उतरलं तरी वीज नाही. रूपालीच्या सासूबाईंनी भाकरी थापल्या, वांग्याची भाजी आणि ठेचा केला, आणि ढोल्यांना ताट वाढलं. ते आधी नको म्हणाले, मग दोन भाकरी जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी काय केलं, तर पेपरची सुरळी केली, तोंडाशी धरली आणि स्टँडवरच्या त्या आवाजात म्हणाले,

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सबस्टेशनवरून येणारी लाइट आज अनिश्चित काळ उशिराने धावत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

गल्ली हसली. मग सगळेच मागे लागले. कोणाचा नवरा दुकानातून यायचा होता, त्याची घोषणा झाली. कोणाच्या नळाला पाणी यायचं होतं, त्याची झाली. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला पहिल्यांदाच घड्याळ न बघता बोलताना पाहिलं. वीज आली तेव्हा दिवे लागले, टीव्ही लागले आणि लोक आपापल्या घरात गेले. ढोले सुरळी हातात घेऊन जरा वेळ उभे होते.

"काका, गाडी उपाशी अन् तुमी जेवून निंगाले," रूपालीने चिडवलं.

"तिचं काय, ते उद्या बी खाईन."

तेव्हा गाडी भुकेली नसते हे मला माहीत होतं, रूपालीलाही माहीत असावं. फक्त ते कोणी बोलत नव्हतं. बोललं तर ढोल्यांना उठून जावं लागलं असतं, आणि एकदा झालंही तसंच. सलीमभाईंनी नंतर स्वतःच येऊन मला सांगितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, मशीन चालू होतं, आणि थट्टेच्या भरात ते बोलून गेले,

"कंट्रोलर साब, म्या मीटर पाह्यलं. गाडीचं पोट फुल हाय. चार्जिंग तुमचंच उतरलं दिसते."

गिऱ्हाइकं हसली. ढोल्यांनी घड्याळ पाहिलं, प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि गेले. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. माझा मंगळवार आणि रूपालीचा शनिवारही रिकामा गेला.

"बाई, मले वाटलं मजाक हाय," सलीमभाई म्हणाले. "त्यायले वाटलं भर बाजारात पंचनामा झाला."

"मग आता?"

"मनावाले गेलो त अजून बिघडन. माफी मागाले गेलो त पुन्हा तीच गोठ निंगन. काई दुसरं पाहा लागते."

त्यांनी पाहिलं. गळ्यात टेप अडकवून ते सरळ ढोल्यांच्या घरी गेले.

"नाप घ्याचं हाय. तुमचं जुनं नाप हारपलं."

"शर्ट कोनी टाकला शिवाले?" ढोल्यांनी विचारलं.

"टाकला नाई त टाका. तवापर्यंत नाप त पायजे ना दुकानात."

ढोले हात पसरून उभे राहिले. सलीमभाईंनी छाती, बाही, कॉलर सगळं सावकाश मोजलं, मनगट दोनदा मोजलं. पुढच्या गुरुवारी कापड घेऊन गाडी दुकानासमोर उभी होती. आणि आता आलोच आहोत तर थोडं करंट.

हे असं महिनोन्महिने चाललं. मग दिवाळीला वैशाली आली.

गुणी मुलगी आहे. माझ्याच हाताखाली शिकली, तरी शाळेबाहेर मी तिची काकूच. तिला गल्लीतून कोणाकडून तरी कळलं की बाबा लोकांच्या घरी जाऊन गाडी चार्ज करतात, आणि ती शरमून गेली. तिला वाटलं, आपण जुनी, थकलेल्या बॅटरीची गाडी बाबांच्या गळ्यात मारली आणि म्हातारपणी त्यांना दारोदार हिंडायला लावलं. दिवाळीच्या सुट्टीतच तिने अकोल्याहून माणूस बोलावला. घराच्या फाटकाशी स्वतंत्र, लवकर चार्ज करणारा पॉइंट बसवला, वर पत्र्याचं छप्पर. बॅटरीही नवी घातली. मग ती बाबांना घेऊन, फराळाचे डबे घेऊन, एकेका घरी आली.

"काकू, बाबांनी तुम्हाला फार त्रास दिला. दर मंगळवारी म्हणे तुमचा कूलर बंद करून..."

"त्रास कसला," मी म्हटलं.

"नाही, तुम्ही बोलणार नाही. पण मला कळतं. आता काळजी नाही. एकदा लावली की आठवडा पुरेल. कोणाच्या दारी जायची गरजच नाही."

ढोले तिच्या मागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली. काही बोलू नका, असा त्याचा अर्थ होता, आणि तो मी मानला. वैशाली इतकी आनंदात होती. लेकीने एवढ्या मायेने केलेल्या गोष्टीला तो बाप काय म्हणणार होता?

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मी व्हरांड्यात बसले होते. पेरूच्या रंगाची गाडी आली आणि फाटकासमोर थांबली, थांब्यावर थांबावी तशी. ढोल्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात वर केला, आणि गाडी निघून गेली. पुढच्या मंगळवारीही तेच. रूपाली म्हणाली, शनिवारी तिच्या दारापुढेही असंच होतं.

मी काही प्रयत्न केला नाही असं नाही. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मी त्यांना फोन केला, "भाऊ, मला बँकेत सोडता का?" अगदी सांगितल्या वेळेला आले. मी मागच्या आसनावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. बँकेतल्या मुलीने आधी माझा आणि मग त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवून घेतला. त्यांचा अंगठा उमटेना. हात पुसून, पुन्हा ठेवून, शेवटी एकदाचा उमटला. "झालं काका, तुम्ही आहात," ती म्हणाली. आम्ही परत आलो. फाटकाशी मी म्हटलं, "या, चहा घेऊ."

"नाई बाई. काम झालं ना."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीचं कारण शोधलं होतं. काम करून संपतं. चार्जिंग असं उरकता येत नाही, त्याच्याजवळ बसून राहावं लागतं.

हिवाळा सरता सरता गाडी दिसेनाशी झाली. सलीमभाई दोनदा टेप घेऊन जाऊन आले; दुसऱ्यांदा ढोले म्हणाले, "सलीम, माह्या जवळ आता लय शर्ट झाले." मग एक दिवस मला वैशालीचा फोन आला.

"काकू, बाबा घराबाहेरच पडत नाहीत हो. गाडी तर आता एकदम छान चालते. मी फोनवर त्या ॲपमध्ये बघते ना, कधीही पाहा, शंभर टक्के. वापरतच नाहीत."

आता त्यांचं झाकून ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"वैशाली, ती आधीही छानच चालत होती."

"म्हणजे?" तिने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"तुझी आई होती तेव्हा घरी बायका कशाला यायच्या, आठवतं?"

"काकू, मग त्यांनी सांगायचं ना मला." ती रडत होती. "मी कशाला बसवला असता तो पॉइंट?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणाकडे जाता आलं नसतं."

तिने ठरवलं, त्यांना पुण्याला न्यायचं. दुसरं काय ठरवणार? बसवलेला पॉइंट उखडून बाबांना पुन्हा लोकांच्या दारी पाठवणं कोणत्या मुलीला जमेल? ढोल्यांनी नाही म्हटलं नाही. गाडी खामगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. त्यांना दवाखान्यात जायला यायला अशीच छोटी हवी होती. टेम्पो आला, गाडी चढली आणि गेली. त्या वेळी ढोले बाहेर आले नाहीत असं रूपाली म्हणाली.

पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर ते माझ्या फाटकाशी उभे होते. पायी आले होते. नवा शर्ट, कॉलरचं बटण लावलेलं. दोन्ही हात फाटकावर, आणि फाटक उघडत नव्हते. हातात ना मेथीची जुडी होती ना कापडाची पिशवी. मला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली असती तर पाठोपाठ काहीतरी विचारावं लागलं असतं, आणि काहीही विचारलं तरी ते त्यांना "काय काम होतं" असंच ऐकू आलं असतं. मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं आणि पुढचं दार सताड उघडून ठेवलं.

बऱ्याच वेळाने फाटकाची कडी वाजली. ते पायऱ्या चढले, व्हरांड्यातल्या खुर्चीपाशी थांबले, आणि मग तिला ओलांडून घरात आले. पंख्याखाली सोफ्यावर बसले. या घरात ते आतपर्यंत पहिल्यांदाच आले होते.

"काई काम नाई, बाई," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.

मी चहा आणला. आम्ही प्यायलो. रस्त्यावरून एक बस गेली. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. भिंतीवरचे तुम्हा दोघांचे फोटो बघत होते. "हे मोठी का?" इराकडे बोट दाखवून विचारलं. मी हो म्हटलं. "कोनावर गेली?" मी म्हटलं, कोणावर गेली ते अजून कळत नाही, वर्षात एकदा दिसते. त्यांनी मान डोलावली.

त्यांचा फोन वाजला. वैशाली. तिच्या मोठ्या गाडीत सामान भरून झालं असणार. त्यांनी तो वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला.

"बाईकडे हाय," ते म्हणाले. तिने पलीकडून काहीतरी विचारलं. "नाई. काई द्याचं नाई, काई घ्याचं नाई. बसलो हाय."

फोन त्यांनी खिशात ठेवला आणि उठले नाहीत. कप रिकामा होता. मी आत गेले आणि आणखी चहा टाकला. दूध थोडंच उरलं होतं, म्हणून पाणी वाढवलं. पुळकवणी झाला होता, पण त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि घोट घोट करत अगदी सावकाश प्यायला.